चालणाऱ्याचे पाय आणि देणाऱ्याचा हात

हाँगकाँगच्या डोंगरांतून मॅक्लहोस नांवाची 100 किलोमीटरांची पायवाट जाते. ब्रिटिश सैन्यांतील गुरखा शिपायांनीं 1981 सालीं सरावाकरितां तिजवर चालण्याची एक कसोटी सुरू केली. 1986 सालीं ऑक्सफॅम ह्या संस्थेच्या सहकार्यानें ती सर्व लोकांस खुली झाली, व गरिबांसाठीं पैसा जमविण्याचें साधन बनली. चौघांनीं मिळून निघावें आणि 48 तासांच्या आंत वाट पुरी करावी, असा नियम ठरला. देणगी मागावयाची ती आप्तेष्टांपाशीं.

कोणी विचारील, पैसाच द्यावयाचा तर पाय कां झिजवावे? चालणाऱ्याच्या तळव्यास आलेल्या फोडानें उपाशाच्या पोटांत घास जात नाहीं. खरें आहे, परंतु शेजाऱ्याच्या विनंतीस आपण "पुढें पाहूं" म्हणतों, आणि तोच रात्रभर डोंगर चढला असें ऐकलें म्हणजे आपणांस लाज वाटते. लाजेनें दिलेला रुपयाही औषधाच्या कामीं येतोच.

मला अडतें तें निराळ्याच ठिकाणीं. समजा, निम्म्याहून अधिक वाट सरल्यावर 957 मीटर उंचीच्या ताय मो शान डोंगराच्या चढणीवर एकाचा गुडघा गेला. "पूर्ण चाललास तर देईन," असें ज्यानें म्हटलें होतें, त्यानें आतां थैली मिटावी काय? हिशेबानें त्याजकडे कांहीं निघत नाहीं. पण ज्याच्यासाठीं पैसा मागितला, त्यास ह्या गुडघ्याची वार्ताही नाहीं. त्याची भूक त्या चढणीवर थांबली नाहीं. वाचकहो, असा कोणी तरुण वही घेऊन मजकडे आला, तर आंकडा लिहितांना मी "पूर्ण" हा शब्द गाळीन.