पानाचे परिमाण आणि रूढीचा अधिकार

वृत्तपत्राच्या पानाला जगभर मान्य असलेले एकच माप नाही. एकट्या जर्मनीत ‘नॉर्डिक’ म्हणून ओळखले जाणारे 400 बाय 570 मिलिमीटरचे पान, ऱ्हाइन प्रदेशाच्या नावाने ओळखले जाणारे सुमारे 350 बाय 510 मिलिमीटरचे पान आणि 315 बाय 470 मिलिमीटरचे ‘बर्लिनर’ पान अशी तीन मापे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. आणि इंग्रजी जगात ‘ब्रॉडशीट’ हे मोठे पान व त्याच्या सुमारे निम्मे ‘टॅब्लॉइड’ यांचे प्रस्थ राहिले आहे. कार्यालयीन कागदाचा इतिहास याहून वेगळा आहे. लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर दोनाच्या वर्गमूळाइतके ठेवले, तर कागद मधोमध दुमडल्यावरही त्याची प्रमाणबद्धता बदलत नाही, हे लिख्टेनबर्ग या जर्मन विचारवंताने 1786 मध्ये एका पत्रात नोंदवले होते. त्याच तत्त्वावर जर्मनीने 1922 मध्ये कागदाचे राष्ट्रीय मानक ठरवले, 1975 मध्ये ते आंतरराष्ट्रीय झाले आणि उत्तर अमेरिकेचा मोठा अपवाद वगळता बहुतेक जगाने ‘ए-4’ स्वीकारला. त्या मापामागे गणिताचा आधार आहे. वृत्तपत्राच्या मापामागे तसा आधार नाही. मग जे माप तर्कातून सिद्ध झालेले नाही, ते पिढ्यानपिढ्या बंधनकारक का ठरते आणि त्याला प्रतिष्ठा कोठून प्राप्त होते, असा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे पहिले उत्तर कारणपरंपरेत मिळते. ब्रिटनमध्ये 1712 पासून वृत्तपत्रांवर मुद्रांक-कर बसवला गेला. तो तावाच्या हिशेबाने आकारला जात असल्यामुळे तावांची संख्या न वाढवता ताव मोठा करणे आणि त्यावर अधिक मजकूर बसवणे प्रकाशकांच्या सोयीचे होते. हा कर 1855 मध्ये उठला, पण मोठे पान उठले नाही, कारण तोपर्यंत यंत्रे, जाहिरातींचे दर आणि वाचकांच्या सवयी त्या मापाभोवती स्थिरावल्या होत्या. रोटरी छपाईयंत्रात पानाची उंची सिलिंडरच्या परिघावरून ठरते. कागदाचे रीळ अरुंद घेऊन पानाची रुंदी कमी करता येते, उंची बदलायची तर यंत्रालाच हात घालावा लागतो. म्हणूनच 2007 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कागदाचा खर्च वाचवण्यासाठी पान साडेतेरा इंचांवरून बारा इंचांवर आणले, तेव्हा कात्री रुंदीला लागली.

तथापि कारण सांगितल्याने अधिकाराचा उलगडा होत नाही. डेव्हिड ह्यूम याने 1740 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विवेचनात एकाच नावेत वल्ही मारणाऱ्या दोघांचा दाखला दिला आहे: त्यांनी एकमेकांना कोणतेही वचन दिलेले नसते, तरी त्यांची वल्ही एका लयीत पडतात. डेव्हिड लुईस याने 1969 मध्ये याच विचाराला काटेकोर रूप दिले. त्याच्या मते रूढी म्हणजे अशी नियमितता, की जी प्रत्येक जण इतर पाळतात म्हणून पाळतो आणि जिच्या जागी दुसरी एखादी नियमितताही तितकीच चालली असती. कागद-कारखानदार, मुद्रक, जाहिरातदार आणि विक्रेता यांचा परस्परांशी मेळ बसवणारे पानाचे माप या व्याख्येत चपखल बसते.

परंतु ही व्याख्या सातत्याचा अर्थ लावते, प्रतिष्ठेचा लावत नाही. विसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये मोठे पान म्हणजे गांभीर्य आणि लहान पान म्हणजे सनसनाटी, असे समीकरण रूढ झाले होते. 2003 मध्ये ‘द इंडिपेंडंट’ने आणि त्यापाठोपाठ ‘द टाइम्स’ने काही काळ एकच अंक दोन्ही आकारांत विक्रीस ठेवला. बातमी तीच, अग्रलेख तोच, फक्त परिमाण वेगळे, अशी ही जवळजवळ शुद्ध कसोटी होती. अखेर 2004 मध्ये दोन्ही पत्रांनी मोठे पान सोडले. मात्र नव्या आकाराला ‘टॅब्लॉइड’ न म्हणता ‘कॉम्पॅक्ट’ म्हणण्याची दक्षता घेतली. ‘द गार्डियन’ने 2005 मध्ये नवी यंत्रे उभारून बर्लिनर माप घेतले आणि 2018 मध्ये तेही सोडून टॅब्लॉइड पत्करले, प्रचलित यंत्रांवर छापता येण्याची सोय आणि त्यातून होणारी बचत निर्णायक ठरली. इतके होऊनही त्या पत्राचा वैचारिक पिंड पालटला नाही.

या अनुभवाचा अर्थ लावण्यास वैशेषिक दर्शनातील परिमाणविचार उपयोगी पडतो. परिमाण म्हणजे ज्यामुळे वस्तू लहान, मोठी, लांब किंवा आखूड म्हटली जाते तो गुण. प्रशस्तपादाने बोर, आवळा आणि बेलफळ यांचा दाखला देऊन असे दाखवले आहे, की ही तिन्ही फळे वस्तुतः ‘महत्’ परिमाणाची आहेत. बेलफळाच्या तुलनेत आवळ्याला लहान म्हणणे हा ‘भाक्त’, म्हणजे गौण अर्थाचा, व्यवहार होय. टॅब्लॉइडचे लहानपण याच जातीचे आहे, आणि त्या लहानपणावर चढवलेला हलकेपणा तर गौणाहूनही गौण ठरतो. आकाराला लाभलेली प्रतिष्ठा ही आकाराची नसून सहवासाने त्याला चिकटलेली असते.

यावरून परिमाण निव्वळ उपरे आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. वैशेषिकांच्या मते परिमाण हा नऊही द्रव्यांत आढळणारा सामान्य गुण आहे. कोणते परिमाण हे द्रव्यागणिक बदलते, परंतु परिमाणरहित द्रव्य संभवत नाही. वृत्तपत्राच्या बाबतीत या भेदाला नैतिक आशय आहे. पान मर्यादित असते म्हणूनच एक बातमी घेताना दुसरी गाळावी लागते, एकीला सहा कॉलमी मथळा दिला की दुसरी घडीच्या खाली जाते, आणि काय महत्त्वाचे याचा निवाडा संपादकाला रोज रात्री, सर्वांना दिसेल अशा रीतीने करावा लागतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या 1832 मधील ‘दर्पण’मध्ये एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापला जाई, दोन्ही भाषांना जागा देण्याचा तो निर्णय त्या मर्यादित पानावरच दृश्य होत होता. पडद्यावर सरकत राहणाऱ्या मजकुराला अशी कड नसते. तेथेही निवड होतेच, परंतु काय वगळले आणि कशाला मागे ढकलले हे वाचकाला एका नजरेत पाहता येत नाही, आणि म्हणून त्या निवडीचा जाब विचारणेही अवघड होते.

म्हणून पानाच्या मापातील रूढी आणि तत्त्व वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. ब्रॉडशीट, बर्लिनर किंवा टॅब्लॉइड यांपैकी कोणतेही एक माप अपरिहार्य नाही, आणि त्यांतील एखाद्यासाठी हळहळणे हा बहुतांशी सवयीचा भाग आहे. मर्यादा असणे आणि ती सर्वांच्या डोळ्यांसमोर असणे ही मात्र उत्तरदायित्वाची अट आहे, आणि छपाईचा कागद उद्या नाहीसा झाला तरी ती पाळण्याची जबाबदारी संपादनाच्या व्यवसायावर कायम राहते.