साक्ष आणि मतदार यादी

मत ही 'शहादत' म्हणजे साक्ष आहे, असे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी लिहिले आहे. साक्ष लपवू नका, असा कुरआनचा आदेश आहे (२:२८३). मग यादीत नावच नाही म्हणून जो मतदान करू शकला नाही, त्याचा उज्र ग्राह्य धरावा काय?

ज्याचे नाव नकळत वगळले गेले आणि ज्याला ते कळण्याचा मार्गच नव्हता, तो माझूर आहे. परंतु ओळखपत्र कपाटात आहे, एवढ्यावर जो निश्चिंत राहिला, त्याला माझूर म्हणणे मला जड जाते. यादीत नाव नसेल तर ओळखपत्र असूनही मत देता येत नाही. नमाज फर्ज आहे म्हणूनच वुजूही आवश्यक ठरतो. यादी पाहणे हे तसेच आहे.

विशेषतः घरातील सुनेचे नाव पाहा. लग्नाला अनेक वर्षे लोटली तरी ते बहुधा माहेरच्याच यादीत असते. 'नमुना ८' भरून ते सासरच्या पत्त्यावर आणता येते. मात्र नाव आणले म्हणून तिचे मत सासऱ्याने ठरवावे, असे नाही. साक्ष ज्याची त्यानेच द्यायची असते, आईवडिलांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायानेच (४:१३५).

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी 'नमुना ६' आहे. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते यादीत नवे नाव घेतले जात नाही.