जपणे आणि साठवणे

जुनी, सुंदर वस्तू विकत घेऊन घरात ठेवणे हा जपणुकीचा गुण म्हणावा, की साठवणुकीचा मोह? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु आपण घरात काय ठेवतो आणि कशासाठी ठेवतो, ह्यावरून आपले मन कोठे गुंतले आहे ते कळते. म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा विचार आपण करू. उदाहरण घेऊ ते जपानमधील जुन्या लाकडी कपाटांचे. त्यांना तेथे ‘तान्सू’ म्हणतात.

इदो काळात (१६०३ ते १८६८) ही कपाटे प्रचारात आली आणि पुढे मेजी काळात, म्हणजे १९१२ पर्यंत, घरोघर पसरली. प्रत्येक कामाचे कपाट निराळे असे. व्यापाऱ्याचे हिशेबाच्या वह्यांसाठी, वैद्याचे औषधांच्या लहान लहान खणांचे, स्वयंपाकघरातले भांड्यांसाठी. काही घरांत तर जिनाच कपाटाचा असे. वर पायऱ्या, खाली खण. कपड्यांसाठी ‘किरी’ नावाच्या झाडाचे लाकूड उत्तम मानीत, कारण ते हलके असते आणि दमट हवेत आतले कापड सांभाळते. मुलगी जन्मली की किरीचे रोप लावावे व लग्नात त्याच झाडाचे कपाट तिला द्यावे, अशी जुनी चाल तेथे सांगतात.

आज ह्याच कपाटांवर दूरच्या देशांतील दिवाणखान्यांत दूरचित्रवाणीचा संच किंवा फुलदाणी दिसते. ज्यात एका नववधूची वस्त्रे होती, ते आता शोभेचे झाले. ह्यात काही अनुचित घडले काय?

एक पक्ष म्हणतो, मुळीच नाही. २०२३ च्या गणनेत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. गावे ओस पडत आहेत, आणि मोठी कपाटे ठेवायला शहरातील लहान घरांत जागा नाही. अशा वेळी कोणी जुने कपाट घेऊन वापरले, तर एक झाड वाचते आणि कारागिराच्या हाताचा मान राहतो. हे म्हणणे खरे आहे, आणि ते आम्हांला मान्य आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, जुन्याची आवड हाही एक लोभच. केवळ त्याला संस्कृतीचे वस्त्र नेसवले आहे. हेही पुष्कळदा खरे असते. एक कपाट आले की दुसरे हवेसे वाटते, आणि मग कपाटात ठेवण्यासाठी वस्तू शोधाव्या लागतात. म्हणजे वस्तूंसाठी कपाट न राहता कपाटासाठी वस्तू, असा उलटा व्यवहार होतो. कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानाचा दाखला आपणांस ठाऊक आहेच.

मग निवाडा कशाने करावा? आम्हांस वाटते, ह्या कपाटांच्या इतिहासातच दोन कसोट्या सापडतात.

पहिली कसोटी आगीची. १६५७ मध्ये इदो शहराला, म्हणजे आजच्या तोक्योला, भयंकर आग लागली. मृतांचा आकडा काही अंदाजांप्रमाणे एक लाखापर्यंत जातो. त्या काळी अनेक घरांत चाके लावलेल्या मोठ्या पेट्या होत्या. संकटात ओढून नेता याव्यात म्हणूनच त्यांना चाके होती. परंतु आग लागताच सर्वांनी आपापल्या पेट्या एकदमच रस्त्यावर आणल्या, अरुंद वाटा तुंबल्या आणि पळणाऱ्यांना मार्ग उरला नाही. पुढे अशा पेट्यांना मोठ्या शहरांत मनाई झाली. ह्यात कोणी दुष्ट नव्हता. प्रत्येक जण आपल्या संसाराचेच वाचवू पाहत होता. पण जे वाचवायचे तेच शेजाऱ्याच्या वाटेत आडवे आले. तेव्हा प्रश्न असा विचारावा : मी जे राखून ठेवतो, त्याने कोणाची वाट अडते काय? ज्या पैशातून घराची शोभा वाढली, त्यावर घरातील आजाऱ्याचा किंवा शिकणाऱ्या मुलाचा हक्क होता काय?

दुसरी कसोटी रंध्याची. किरीचे जुने कपाट काळे पडले, ओरखडले, की कसबी सुतार त्याचे भाग सुटे करतो, तुटके दुरुस्त करतो आणि वरचा पातळ थर रंधून काढतो. आतून स्वच्छ लाकूड निघते व कपाट पुन्हा पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते. अर्थात ते एकाच मालकासाठी केलेले नसते. आजी, आई, नात अशा हातांतून ते जाते. म्हणून विचारावे : ही वस्तू माझ्याजवळ थांबली आहे, की माझ्यामार्फत पुढे जात आहे? जो तिचे खण उघडतो, वापरतो, मोडले तर नीट करतो आणि वेळ आली की आनंदाने दुसऱ्याला देतो, तो जपतो. जो तिला हात लावू देत नाही, केवळ पाहुण्यांना दाखवतो, तो साठवतो.

ह्यावरून दिसेल की दोष कपाटात नाही, जुनेपणाच्या आवडीतही नाही. एकाच घरात एकच वस्तू एका हाताने जपली जाईल आणि दुसऱ्या हाताने साठवली जाईल. फरक हातात आहे. आपण मालक नसून कारभारी आहोत, हे ज्याला समजले त्याच्या घरी सुंदर वस्तूही निरुपद्रवी होते. ज्याला समजले नाही त्याला पत्र्याची साधी ट्रंकही बांधून ठेवते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना एक साधा प्रश्न विचारून पाहावा : घराला आग लागली तर तुम्ही प्रथम काय बाहेर काढाल? कोणी दप्तर सांगेल, कोणी खेळणे. एखादे मूल म्हणेल, आजीला. त्या उत्तरापाशी थोडे थांबावे. आणि घरी गेल्यावर आपण मोठ्यांनीही आपले एखादे कपाट उघडून, त्यातले काय आता दुसऱ्याच्या हाती जायला हवे, ते पाहावे.