लोखंडातल्या तारखा

जुना लोखंडी रंधा हाती आला की आधी त्याचं पातं काढावं, मग पात्याखालची तिरकी बैठक स्क्रू सोडवून उचलावी. रंधा कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ली कारखान्यातला आणि योग्य काळातला असेल, तर तिथे भुशाच्या नि गंजाच्या थराखाली ओतीव अक्षरांत तीन तारखा दिसतात : २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२, १९ एप्रिल १९१०. घेणारा हरखून जातो. त्याला वाटतं, जन्मदाखलाच मिळाला.

पण या तारखा पेटंटच्या आहेत. साच्यात एकदा बसलेली तारीख पुढे वर्षानुवर्षं ओतली जात राहिली. उत्खननात सापडलेलं नाणं जसं ‘हा थर माझ्याआधीचा नाही’ एवढंच सांगतं, तसंच हेही. लोखंड ‘यानंतर’ म्हणतं. ‘याच साली’ असं कधीच म्हणत नाही.

पुढची हद्द शोधायची तर क्षुल्लक वाटणाऱ्या भागांकडे जावं लागतं, आणि मला या विद्येचा खरा गाभा तिथेच दिसतो. लिओनार्ड बेली या कारागिराचे रंध्याचे हक्क स्टॅन्लीने १८६९ मध्ये घेतले. पात्याचा कल बाजूला सरकवणारी दांडी आली ती १८८५ च्या सुमारास. पुढची गोल मूठ आधी बुटकी होती, पहिल्या महायुद्धानंतर उंच झाली. उंच मुठीवर जोर पडला की तिचं लाकूड बुडाशी चिरे. म्हणून १९३० च्या आसपास लोखंडातच तिच्याभोवती एक उंचवटा, कडं म्हणा, ओतायला सुरुवात झाली. पातं दाबून धरणाऱ्या झाकणाचं स्क्रूसाठीचं भोकही १९३३ च्या सुमारास बदललं : किल्लीच्या भोकासारखं होतं ते मूत्रपिंडाच्या आकाराचं झालं, कारण पातं मागे घेताना झाकण सरकायचं. म्हणजे आज ज्या खुणांवरून आपण साल ठरवतो, त्यांतल्या कितीतरी खुणा सुतारांच्या कामात आलेल्या अडचणींची उत्तरं आहेत. कुणाच्या तरी हाताखाली मूठ फुटली होती, म्हणून ते कडं आहे.

टंचाईही अशीच कोरली गेली आहे. मुठी एरवी ब्राझीलच्या रोजवूडच्या, म्हणजे आपल्या शिसवाच्याच कुळातल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या जागी रंगवलेलं साधं लाकूड आलं आणि पात्याची खोली ठरवणारा पितळी नट जाऊन कडक रबराचा आला. पितळ तेव्हा दुसऱ्या कामाला लागलं होतं.

संग्राहकांनी या सगळ्या बदलांवरून बेली रंध्यांचे वीस ‘टाइप’ लावले आहेत. फार मोलाचं काम आहे ते. तरीही ही वर्गवारी मागाहून आलेली आहे. कारखान्याला तिच्याशी देणंघेणं नव्हतं. जुने सुटे भाग शिल्लक असले की ते नव्या सांगाड्यावर चढत. त्यापुढे सुताराचा संसार : पातं झिजून संपलं की दुसरं घेतलं, तुटलेल्या मुठीच्या जागी दुसऱ्या मोडक्या रंध्याची बसवली. सांगाडा १९१५ चा, पातं १९३० चं, नट युद्धकाळातला, असा रंधा बाजारात भेसळीचा म्हणून स्वस्त जातो. मला तो निर्भेळ नमुन्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. सगळे भाग जन्मापासूनचे आणि पातं पूर्ण लांबीचं, याचा अर्थ बहुधा एवढाच की त्याने फार काम केलं नाही. इंग्लंडच्या लाकडी रंध्यांच्या तोंडावर तर एकामागून एक मालकांनी ठोकलेली नावं असतात. त्यांचे निर्माते डब्ल्यू. एल. गुडमन यांनी १९६८ च्या ग्रंथात नोंदवले. मालकांची नावं मात्र त्या लाकडावरच वाचावी लागतात.

म्हणून घरी आणल्याबरोबर तारेचा ब्रश आणि पॉलिशचं चाक चालवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. काळं रोगण खरवडलं, ठोकलेलं नाव घासून सपाट केलं, की रंधा चकचकीत होतो आणि मुका होतो. गंज तेलाने नि हलक्या हाताने निघतो. त्याआधी प्रत्येक भाग सुटा करून, तिरप्या उजेडात धरून, जे दिसेल ते टिपून ठेवावं.