एक नाम, दोन उत्तरे

एकाच नामाविषयी दोघांनी पृच्छा केली असता दोघांना निरनिराळी उत्तरे देणारा सत्यवादी असू शकतो काय, हा प्रश्न वेदान्ती, बौद्ध आणि जैन या तिन्ही परंपरांनी आपापल्या परीने हाताळलेला आहे. परंतु डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या कचेऱ्यांनी गजबजलेल्या नागपूरच्या धंतोलीसारख्या वस्तीत तो आज यंत्राच्या रूपाने रोज उभा राहतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

कचेरीच्या आवारातच वेब सर्व्हर ठेवला असेल, तर त्याचे नाव एक असते, पत्ते मात्र दोन. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली योजलेली आणि १९८७ च्या नोव्हेंबरात नियमबद्ध झालेली डीएनएस ही नामव्यवस्था बाहेरच्या इसमाला कचेरीचा जाहीर पत्ता सांगते. आत बसलेल्या कारकुनाला तोच सर्व्हर १९२.१६८ ने आरंभ होणाऱ्या, म्हणजे खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी एकावर भेटतो. जाहीर पत्ता आतल्यांनाही दिला, तर आतून निघून पुन्हा आतच वळू पाहणारी विनंती कित्येक राउटर परतवीत नाहीत आणि भिंतीपलीकडचा सर्व्हर दुर्लभ होतो. खासगी पत्ता बाहेरच्याला दिला, तर तो त्याला तेथवर पोहोचवीतच नाही. म्हणून आतला डीएनएस वेगळा आणि बाहेरचा वेगळा, अशी तजवीज करावी लागते.

यात असत्य नाही, असे माझे निश्चित मत आहे. मात्र शंकराचार्यांचा व्यवहार आणि परमार्थ हा भेद येथे पुरा पडत नाही, कारण त्यात एक सत्य दुसऱ्याहून श्रेष्ठ ठरते, आणि येथे आतला पत्ता बाहेरच्या पत्त्याहून तिळमात्रही अधिक खरा नाही. जैनांचा स्याद्वाद या स्थितीला अधिक जवळचा : उत्तर देताना विचारणारा कोठे उभा आहे याची दखल घेतलेली आहे, आणि दोन्ही वाटा एकाच सर्व्हरपाशी संपतात.

खरी अडचण निराळी आहे. आतला डीएनएस त्या नावापुरता स्वतःस अधिकृत मानतो. त्याच्या दप्तरी संकेतस्थळाची नोंद केली, पण मेल सर्व्हरची किंवा अन्यत्र ठेवलेल्या एखाद्या उपनावाची नोंद राहून गेली, तर तो बाहेर चौकशी करीत नाही; असे नाव अस्तित्वातच नाही, असा निःशंक निर्वाळा देऊन मोकळा होतो. मग सारे जग ज्या ठिकाणी सुखाने पोहोचत असते, ते ठिकाण नेमके त्या कचेरीतल्याच माणसांना सापडत नाही! अधिकारभेदाचा आपल्या धर्मात किती दुरुपयोग झाला हे स्मरले, म्हणजे या अज्ञानाचे गांभीर्य ध्यानी येते. आतल्या यंत्रांची नावे बाहेर कळू नयेत, ही सावधगिरी रास्त. पण ज्ञानच तीन वर्णांपुरते राखावे, या वृत्तीपायी ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात प्रत्यक्ष वेदाला कृपण म्हटले. त्या कृपणतेने बाहेरच्यांचा घात झाला, हे सर्वमान्य आहे. तिने आतल्यांनाही आंधळे केले, कारण आपली वही संपूर्ण आहे असे मानणाऱ्याला प्रश्न विचारण्याची गरजच उरली नाही, हे मात्र क्वचितच बोलले जाते.

धंतोलीत १९२८ पासून रामकृष्ण मठ आहे. ज्यांच्या नावाने तो उभा आहे, ते श्रीरामकृष्ण दक्षिणेश्वरच्या कालीमंदिराचे पुजारी, म्हणजे गाभाऱ्यातलेच; तरीही त्यांनी इस्लाम आणि ख्रिस्ती मार्गांची साधना केली. आतला अधिकार हाती असूनही बाहेर विचारावयास जाण्याची ही तयारी मला त्यांच्या समाधीच्या कथांहूनही थोर वाटते.

तेव्हा कचेरीत ही व्यवस्था लावणाऱ्यांना माझी विनंती आहे की, बाहेरच्या यादीतील प्रत्येक नोंद पडताळून आतल्या यादीत उतरवावी आणि बाहेर झालेला बदल त्याच दिवशी आत नोंदवावा. पंथांच्या आणि पीठांच्या चालकांकडेही माझे मागणे हेच आहे.