लोण्यातलं पाणी

आज दुसरं काही काम हाताशी ठेवू नका. चार-सहा दिवसांची साय विरजून, घुसळून लोणी काढलं आहे. ताकावर तरंगणारा गोळा आता ताटलीत आला आहे. त्याच्याजवळ बसा.

गोळा हातात घ्या. गार लागतो. दोन-तीन पाण्यांनी तो हलक्या हातानं धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. ताकाचा अंश जितका कमी, तितकी बेरी कमी. मग गोळा तळव्यात दाबा. बोटांच्या फटींतून थेंब येतील. अजून दाबा, अजून दोन येतील. नंतर काहीच येणार नाही आणि हाताला वाटेल की पाणी संपलं. ते संपलेलं नाही. शंभर ग्रॅम लोण्यात पंधरा-सोळा ग्रॅम पाणी उरतंच, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक थेंबांनी स्निग्धात कोंडलेलं. आज या पाण्याकडे लक्ष द्यायचं आहे.

आम्हा अकोले तालुक्यातल्या माणसांना पाण्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. अकोले गावात पाऊस बेताचा. पण राजूर ओलांडून भंडारदऱ्याकडे आणि पुढे घाटघरला निघालात की मैलामैलाला तो वाढत जातो. कळसूबाईचं 1646 मीटरचं शिखर ढगांत जातं आणि कित्येक दिवस दिसतच नाही. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते. तिला अडवणारं भंडारदऱ्याचं धरण 1910 साली बांधायला घेतलं आणि 1926 साली पुरं झालं. आषाढात त्या भागात मीठ पाझरतं, काडेपेटी सादळते, कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळवावे लागतात. घरात जे जे टिकवायचं, ते पाण्यापासून राखावं लागतं.

आता त्या पावसात उभी असलेली डांगी गाय मनात आणा. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, काळे टणक खूर. ही इथलीच जात. राजूरला तिचं प्रदर्शन भरतं. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून मुसळधार पाऊस तिला बाधत नाही. अंगावरून पाणी निथळून जातं. दूध ती थोडं देते. भाताच्या चिखलात राबणारा बैल ही तिची खरी देणगी. पण त्या थोड्या दुधातून निघणारं तूप पिवळसर, सुवासिक. गाय चाऱ्यातलं पिवळं द्रव्य दुधात तसंच उतरू देते, म्हैस त्याचं जीवनसत्त्व करून टाकते. म्हशीचं तूप पांढरं राहतं ते त्यामुळे. बाहेर गाईच्या अंगावरचा तेलकटपणा पाऊस झटकतो आहे, आत चुलीवर तिच्याच दुधाचं स्निग्ध पाणी सोडणार आहे. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. क्षणभर दोन्ही एकत्र पाहा.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी घाला. आच मंद. डोळे मिटलेत तरी चालेल, कारण इथून पुढे काम कानाचं आहे.

आधी काहीच ऐकू येत नाही. लोणी कडेनं विरघळत मध्याकडे सरकतं. मग एखादा तडतडल्यासारखा आवाज, आणि हळूहळू सगळं पातेलं बोलायला लागतं. पांढरा जाड फेस वर येतो. हा आवाज पाण्याचा आहे. पाणी आहे तोवर पातेल्यातली उष्णता शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही, म्हणून तळाशी बसलेली बेरी करपत नाही. जाता जाताही पाणी लोण्याला राखत असतं. हे मला फार उशिरा समजलं, आणि समजल्यापासून मी मोठ्या आचेवर तूप कढवलेलं नाही.

माझी आजी या वेळी चुलीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. तूप झालं हे तिला पाठीमागून कळायचं. आम्ही पोरं दंगा करत असलो तर म्हणायची, “जरा गप ऱ्हा, तूप गप होतंय.”

तुम्हीही तेच ऐका. बुडबुडे बारीक होतात. आवाज विरळ होतो, मध्ये खंड पडतात. फेस ओसरतो आणि खाली सोनेरी, आरपार दिसणारं काही असतं. मग पुन्हा एकदा फेस येतो, पण हा वेगळा. बारीक, दाट, जवळजवळ निःशब्द. बेरी तांबूस होते, वास खमंग होतो. आता क्षणभरही इकडेतिकडे पाहू नका. पाणी गेलं आहे, उष्णतेला अडवणारं कोणी नाही; दोन मिनिटांत बेरी काळी पडेल. पातेलं उतरवा. विड्याचं पान टाकायची रीत असेल तर आताच टाका.

एकदा मी घाईनं, आवाज पुरता थांबायच्या आधी तूप उतरवलं होतं. दिसायला छान होतं. श्रावणात बरणी उघडली तेव्हा तळाशी ओलसर थर होता आणि आंबूस वास. बरणीभर तूप गेलं, आणि त्यामागचं कितीतरी दिवसांचं दूध.

तूप कोमट होईपर्यंत थांबा. गरम असताना झाकण लावलं तर वाफ झाकणाला थेंब होऊन लागते आणि परत आत पडते. एवढा वेळ बसून घालवलेलं पाणी आपणच आत सोडतो. गाळून घ्या. बरणी चिनी मातीची, काचेची किंवा स्टीलची. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत तूप लवकर खवट होतं. ऊन नसेल तर धुतलेली बरणी चुलीच्या उबेला वाळवा. रोजच्यासाठी लहान वाटी-डबी वेगळी काढा, मोठी बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात बंद राहू द्या. हवा आणि उजेड यांना जितकी कमी वाट, तितकं बरं. चमचा कोरडाच. फ्रीजची गरज नाही. आपल्या गतीनं निवू दिलं की तूप कणीदार होतं.

अशी राखण इथं नवी नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं जपलं, त्यासाठी त्यांना 2020 चा पद्मश्री मिळाला. बियाणंही नीट वाळलेलं असेल तरच पुढच्या पेरणीपर्यंत जिवंत राहतं. पावसाच्या मुलखात बायकांच्या हातांना कोरडेपणाची अशी जाण असते, तिची नोंद मात्र कुठे होत नाही.

हे तूप आता कुठं कुठं जाईल ते पाहा. उपासाच्या भगरीला जिऱ्याची फोडणी. बेरी निघून गेल्यामुळे लोण्यासारखं ते करपत नाही. नागलीच्या गरम भाकरीवर एक बोट. पानातल्या पहिल्या भातावर धार.

पण त्याआधी पातेलं. त्याच्या कडांना अजून तूप आहे, तळाशी बेरी आहे. ते धुवायला टाकू नका. काळभाताचा वाफाळता भात त्यातच घाला, मीठ टाका, हातानं कालवा. घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला हाक मारा आणि पहिला घास त्याला द्या.