थकव्याचा हिशेब

गेल्या वर्षी दहावीच्या पूर्वपरीक्षेत आमच्या वर्गातल्या एका मुलाला जादा वेळ द्यायचा होता. लिहिताना त्याचा उजवा हात थरथरतो. प्रमाणपत्र आहे, नियम आहे, वाद घालण्यासारखे काही नव्हते. पेपर संपल्यावर एक मुलगी टेबलाशी आली. हुशार आहे, भांडखोर नाही. म्हणाली, "सर, त्याला वेळ मिळाला याचं मला वाईट वाटत नाही. पण थकवाच मोजायचा असेल तर माझाही मोजा ना. मी पहाटे चारला उठून नळाचं पाणी भरते, धाकट्यांना तयार करते, मग पेपरला येते." ती हे उर्दूत बोलली. तिच्या 'थकन' या शब्दातला भार मराठीत आणणे आम्हाला जमलेले नाही. त्या दिवशी आम्ही "बरं, बघू" म्हणून वेळ मारून नेली. शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य फार सोयीचे असते.

प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. थकवा हा स्पर्धेचा भाग आहे की स्पर्धेतला अडथळा? कोणाचा थकवा मोजायचा आणि कोणाचा सोडून द्यायचा? नेमका हाच प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, आणि गेला होता तो गोल्फच्या मैदानावरून. वाचकांना हसू येईल. गोल्फ म्हणजे श्रीमंतांनी हिरवळीवर मारलेला फेरफटका, अशीच आमचीही समजूत होती. आम्ही आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही.

पण स्पर्धेतला गोल्फ फेरफटका नव्हे. चार दिवस, रोज अठरा छिद्रे, रोज सुमारे पाच मैलांची चाल आणि चार-पाच तास. यातला प्रत्यक्ष चेंडू मारण्याचा वेळ किती? सत्तरएक फटके, प्रत्येकी एक-दोन सेकंद. उरलेले सगळे तास मनाला चरायला मोकळे रान. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, घाबरायलाही फुरसत मिळत नाही. इथे चेंडू निमूट जमिनीवर पडलेला असतो. प्रतिस्पर्धी त्याला हात लावत नाही. त्यामुळे चूक झाली की बोट दाखवायला दुसरा कोणी नसतो. 1996 साली ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत ग्रेग नॉर्मन शेवटच्या दिवशी सहा फटक्यांच्या आघाडीने मैदानात उतरला आणि संध्याकाळी निक फाल्डोकडून पाच फटक्यांनी हरला. कोणी त्याला धक्का दिला नव्हता, हाड मोडले नव्हते. काही खेळाडूंचे हात तर दोन-तीन फुटांवरच्या छिद्रात चेंडू ढकलताना अचानक हिसका खातात. याला 'यिप्स' म्हणतात. कित्येकांच्या बाबतीत ही निव्वळ भीती असते. काहींच्या बाबतीत मात्र, लिहून लिहून हातात पेटका यावा तसा हा मज्जासंस्थेचाच विकार असतो, असे डॉक्टरांना आढळले आहे. हे वाचताना आम्हाला आमचा तो थरथरत्या हाताचा विद्यार्थी आठवला.

आता खटला. केसी मार्टिन हा ओरेगॉन राज्यातला खेळाडू. जन्मापासून त्याच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा विकार. पायातले रक्त नीट वर चढत नाही, चालले की पाय सुजतो, दुखतो. हाड मोडण्याचा आणि मग पायच कापावा लागण्याचा धोका कायमचा. पण फटका उत्तम. 1997 साली व्यावसायिक टूरच्या पात्रता स्पर्धेत पहिल्या दोन टप्प्यांना बॅटरीच्या छोट्या गाडीतून फिरायची मुभा होती, तिसऱ्या टप्प्याला नव्हती. त्याने गाडी मागितली. पीजीए टूरने नकार दिला. कारण असे की चालणे, दमणे हा खेळाचाच भाग आहे. एकाला गाडी दिली तर बाकीच्यांवर अन्याय होईल. (याच टूरच्या वयस्कर खेळाडूंच्या स्पर्धांत गाडी चालत होती, हे सांगितलेच पाहिजे.)

टूरच्या बाजूने साक्ष देणारी माणसे साधीसुधी नव्हती. आर्नोल्ड पामर, जॅक निकलॉस आणि केन वेंचुरी. यातले वेंचुरी 1964 च्या यू.एस. ओपनमध्ये शेवटच्या दिवशी भयंकर उन्हात छत्तीस छिद्रे खेळले, अंगातले पाणी संपत आले, डॉक्टर सोबत चालत होते, आणि ते जिंकले. थकव्याची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? तिघांनीही सांगितले की दमछाकीने निकाल बदलू शकतो. ते खोटे नव्हते. पण कोर्टाने एक गोष्ट बारकाईने टिपली. गाडीमुळे एखाद्याला फायदा होऊ शकेल एवढेच ते म्हणाले; मार्टिनला फायदा होईल का, याबद्दल त्यांनी काहीच मत दिले नाही. सर्वसाधारण माणसाबद्दल बोलले, समोरच्या माणसाकडे पाहिलेच नाही. ही खोड आम्हा शिक्षकांत भरपूर आहे.

खालच्या कोर्टात शरीरशास्त्राच्या एका प्राध्यापकाने हिशेब मांडला होता. अठरा छिद्रे चालण्यात खर्च होतात सुमारे पाचशे कॅलरी, म्हणजे एका बर्गरपेक्षाही कमी. गोल्फमधला थकवा मुख्यतः मनाचा असतो, ताणाचा असतो. शिवाय गाडी मिळूनही मार्टिनला मैलभराहून अधिक चालावेच लागत होते, आणि त्याचे ते मैलभर इतरांच्या पाच मैलांपेक्षा भारी होते. 29 मे 2001 रोजी सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला.

न्यायमूर्ती स्कॅलिया यांचे मत विरोधी होते आणि ते झटकून टाकता येत नाही. खेळाचे सगळेच नियम मनमानी असतात, मग त्यातला कोणता मूलभूत आणि कोणता नाही हे कोर्टाने कशाच्या आधारावर सांगावे, असा त्यांचा रोख होता. आम्हालाही हे बोचते. परीक्षेची तीन तासांची वेळ तरी कोणत्या न्यायाने ठरली?

तरीही एक गोष्ट आमच्या गळी उतरत नाही. मार्टिन आणि टायगर वुड्स स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एकाच संघात होते. 2008 च्या यू.एस. ओपनमध्ये वुड्स गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला आणि डाव्या नडगीला दोन ठिकाणी चीर गेलेली अशा पायाने एक्क्याण्णव छिद्रे खेळला, लंगडत जिंकला, आणि लगेच शस्त्रक्रियेसाठी उरलेला हंगाम सोडून दिला. जगाने त्याला शाबासकी दिली. पुढे पाठीवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, 2017 साली मणके जोडावे लागले. स्वतः पत्करलेली वेदना ही बहादुरी ठरते. जन्माने पदरी आलेली वेदना सवलतीची मागणी ठरते. दुखणे दोघांच्याही पायातच होते. आम्ही ज्याला जिद्द म्हणून टाळ्या देतो, त्यात दुसऱ्याचे मोडणारे हाड पाहण्याचा शौक किती असतो, हेही एकदा तपासायला हवे.

आणि ज्याचे दिसतच नाही त्याचे काय? ग्रेसन मरे याने जानेवारी 2024 मध्ये हवाईतली स्पर्धा जिंकली. दारूचे व्यसन आणि नैराश्य याबद्दल तो उघडपणे बोलत असे. मे महिन्यात टेक्सासमधल्या स्पर्धेतून दोन छिद्रे बाकी असताना त्याने माघार घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने आपले जीवन संपवले. आईवडिलांनीच ते जगाला सांगितले. वय तीस. त्याचे पाय ठीक होते. त्याच्यासाठी कोणत्या गाडीचा अर्ज करायचा होता?

मार्टिन गाडी मिळूनही फार मोठा खेळाडू झाला नाही. 2000 साली तो वरच्या टूरवर खेळला, पुढे तिथे टिकला नाही. फटके गाडी मारत नसते, हे टूरला तेव्हा तरी कळले असेल. 2006 पासून तो ओरेगॉन विद्यापीठात मुलांना शिकवू लागला. 2021 मध्ये त्याचा तो पाय अखेर कापावा लागला.

आमची विद्यार्थिनी कोर्टाच्याच भाषेत बोलत होती, हे आम्हाला उशिरा उमगले. माझ्याकडे बघा, एवढेच तिचे म्हणणे. पण पहाटेच्या पाण्याचे प्रमाणपत्र कोणते डॉक्टर देतात? आणि चाळीस मुलांचे चाळीस हिशेब मांडले तर परीक्षा कशी घ्यायची? काही दिवसांनी आम्ही तिला बोलावून घेतले, नळाला पाणी किती वाजता येते ते विचारले आणि सकाळचा जादा तास तासभर पुढे ढकलला. ती खूश झाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण सर, बोर्डाच्या पेपरला हे कोण विचारणार?"

आम्ही फळा पुसायला घेतला.